खलपुरुषांचा कैवार

खलपुरुष आम्हांस फार प्रिय आहेत. एवढ्यावरून वाचकांनी आमच्या शीलाविषयी भलता तर्क बांधू नये. आजवर आम्ही कोणाचा बांध कोरलेला नाही की कोणाविरुद्ध निनावी अर्ज धाडलेला नाही. परंतु नाटक असो, पोथी असो की पडद्यावरचे चित्र असो, सज्जन नायक समोर आला की आमचे डोळे जड होऊ लागतात आणि दुष्टाचे पाऊल वाजले की आम्ही सावरून बसतो. ही खोड लहानपणापासूनची. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडण्याची चाल आमच्या किनाऱ्यावर आहे. घरातील इतर मुलांचे लक्ष पुढच्या फराळाकडे असे. त्या पिचलेल्या हिरव्या फळाकडे पाहून आम्हांस मात्र वाटे की, या नरकासुराचे स्वतःचे म्हणणे तरी काय होते? ते कोणी सांगत नसे. पोथीत दैत्याचा वध असतो, त्याची जबानी नसते.

उतारवयात या खोडीस नवे खाद्य मिळाले ते जपानाकडून. आमच्या वडील बंधूंची नात कॉलेजात शिकते. एका पावसाळ्यात, दर्यावरचे वारे सुपारीच्या वाड्या झोडपीत असता, तिने आपल्या संगणकावर आम्हांस ती हलती चित्रे दाखविली, ज्यांस जपानी लोक 'ॲनिमे' म्हणतात. पोरांचा खेळ म्हणून जे गृहस्थ हा प्रकार झटकून टाकतात, त्यांनी एकदा पाचपंचवीस भाग स्वस्थपणे पाहावेत. त्या मंडळींनी खलपुरुषावर जितके कष्ट घेतले आहेत तितके आमच्या बोलपटांनी नायकाच्या पोशाखावरही घेतलेले नाहीत. 'फुलमेटल अल्केमिस्ट' या कथेच्या आरंभीच कॉर्नेलो नावाचा एक महंत भेटतो. सूर्यदेवाच्या नावाने चमत्कार करून त्याने एक अख्खे गाव मुठीत ठेवलेले असते, आणि चमत्काराचे इंगित बोटातील अंगठीत दडलेले असते. असले महाराज आम्हांस नवे नाहीत. 'डेथ नोट' मधला यागामी नावाचा विद्यार्थी त्याहून वरच्या प्रतीचा. ज्या वहीत नाव लिहिले असता मनुष्य मरतो ती वही त्यास सापडते. गुन्हेगारांचा निःपात करता करता हा पोरगा नव्या जगाचा देव होऊ पाहतो. पण देव होऊ पाहणारा मनुष्य म्हणजे आपला जुना हिरण्यकशिपूच. त्याचा अंत कसा होणार हे पहिल्या घटकेपासून ठाऊक असते.

दुष्टाच्या तोंडून धर्माची उलटतपासणी करविण्याची युक्ती मात्र जपान्यांनी शोधून काढलेली नाही. दक्षिण कोकणात दशावताराच्या आरंभी संकासुर येतो. अंगावर काळा वेष, आणि वेद चोरून नेल्याचा आरोप! देवांची पात्रे आपल्या ठरलेल्या चालीने येतात-जातात. हा चोर मात्र गावच्या मालवणी बोलीत भटजीची टिंगल करतो, आणि देवळाच्या आवारात बसलेली सारी मंडळी पोट धरून हसतात. पहाटेपूर्वी त्याचा वध व्हावयाचा असतो, म्हणूनच त्यास ही मोकळीक. जो मरणार हे सर्वांस ठाऊक आहे त्याचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त १९०७ साली प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला, तेव्हा सरकारने ते बोलणे मनावर घेतले आणि पुढे नाटक बंद केले. पण तो प्रकार राजकारणाचा. धर्माच्या बाबतीत आमचा समाज बराच काळ संकासुरावरच भागवीत आला.

जोतीराव फुल्यांनी हा संकेत मोडला. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त त्यांनी दैत्याच्या तोंडी चार थट्टेची वाक्ये घातली नाहीत. दैत्य कोण हाच प्रश्न उलटा करून विचारला. तीन पावले भूमी मागून बळीस पाताळात लोटणारा बटू हा खलपुरुष, आणि ज्याचे राज्य परत यावे म्हणून आमच्या बायका दिवाळीस ओवाळताना म्हणत आल्या, तो बळी हा सज्जन राजा. पोथी एका बाजूस आणि बायकांच्या तोंडचे मागणे दुसऱ्या बाजूस, ही विसंगती पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक घरात नांदत होती. ती उच्चारून दाखविण्यास पुण्याच्या एका माळ्याचे धैर्य लागले.

ओघाने सांगावयाचे तर जपान्यांनी आमचा रावणही रंगविला आहे. युगो साको नामक गृहस्थ १९८३ च्या सुमारास येथील रामायणविषयक उत्खननावर माहितीपट करीत होते, त्यातून त्यांस रामकथेचा नाद लागला. परदेशी लोक आमच्या देवांची व्यंगचित्रे काढणार, अशा समजुतीने विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी वकिलातीकडे निषेध धाडला. अखेर राम मोहन या आपल्याकडील चित्रकाराच्या साहाय्याने १९९२ साली चित्र पुरे झाले. पहिल्या हिंदी रूपात रावणास अमरीश पुरींचा आवाज होता. आपल्या चित्रगृहांत ते खऱ्या अर्थाने लागले २०२५ च्या जानेवारीत, आणि आम्ही ते मुंबईस जाऊन पाहिले. ज्यांनी टवाळीची भीती घातली होती त्यांनी निश्चिंत असावे. इतके भाविक रामायण आमच्या स्वतःच्या निर्मात्यांस क्वचितच साधले आहे. लंकेचे ऐश्वर्य पाहून डोळे दिपतात. पण रावणाची जबानी तेथेही नाही, आणि आम्ही थोडे हिरमुसून परत आलो.

ज्या खलपुरुषाने आमची झोप उडविली तो याच सुमारास भेटला. उओतो नामक तरुणाने २०२० ते २०२२ या काळात 'ची' नावाची एक चित्रकथा लिहिली. जपानीत त्या एका अक्षरातून भूमी, रक्त आणि ज्ञान असे तिन्ही अर्थ सुचतात. मॅडहाउस या संस्थेने २०२४ च्या ऑक्टोबरापासून २०२५ च्या मार्चपर्यंत तिचे २५ भाग पडद्यावर आणले. इंग्रजीत तिला 'ऑर्ब' म्हणतात. काळ पंधराव्या शतकाचा, देश युरोपातला, पण त्याचे नाव पुरते सांगितलेले नाही, आणि धर्मालाही केवळ एक आद्याक्षर दिले आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मानणारे काही लोक आपली टिपणे एका पिढीकडून दुसरीकडे लपवून पोचवितात. पहिला नायक बारा वर्षांचा, अत्यंत हुशार मुलगा. तो आपले म्हणणे मागे घेण्याऐवजी विष पितो. नायक असे एकामागून एक मरत जातात. कथेत आरंभापासून अखेरपर्यंत टिकून राहतो तो एकटा नोवाक.

हा नोवाक म्हणजे धर्मद्रोह शोधून काढणारा नोकर. तो गर्जना करीत नाही, त्याच्या डोळ्यांतून अंगार निघत नाहीत, देवाचे नावही तो बेतानेच घेतो. कंटाळलेला कारकून दप्तर उघडतो तसा तो छळाच्या हत्यारांची पेटी उघडतो. समोरच्यास कोणते हत्यार कशासाठी हे नीट समजावून सांगतो, काम आटोपतो आणि घरी जातो. घरी त्याची मुलगी असते. तिच्यावर त्याचा जीव आहे, आणि तो खोटा नाही. तीच मुलगी मोठी होऊन ज्योतिषाच्या अभ्यासाकडे वळते, आणि ज्या आगीत तो परक्यांची पोरे ढकलीत आला तिची धग त्याच्याच उंबऱ्यापाशी येते. शेवटी म्हातारपणी त्यास कळते की ज्या मतासाठी त्याने इतकी माणसे मारली ते मत इतरत्र कोणी फारसे गुन्हा मानीतच नव्हते. तो सारा खटाटोप त्या एका मुलखातील धर्माधिकाऱ्याचा होता. आपल्या जन्माच्या गोष्टीत आपण नायक नसून खलपुरुष होतो, हे त्यास मरतेवेळी उमगते. त्या भागानंतर आमची नात आणि आम्ही काही वेळ बोललो नाही. अशी जबानी आम्ही नरकासुरापासून शोधीत होतो.

धर्मावरची टीका आम्ही पुष्कळ वाचली आहे. तीत बहुधा भोंदू असतो, नाही तर धर्मांध. दोघांसही पाहून वाचकास हायसे वाटते, कारण आपण भोंदू नाही आणि आपले डोळेही लाल होत नाहीत. नोवाक पाहून असे हायसे वाटत नाही. त्याची श्रद्धा बेताची, पगार नियमित आणि गृहस्थाश्रम सुखाचा. असे पुष्कळ लोक आम्हांस ठाऊक आहेत.

आमचे बंधू निवृत्त शिक्षक. मार्गशीर्षात गुरुचरित्राचा सप्ताह त्यांनी आजवर चुकविलेला नाही, आणि दत्तजयंतीस चौलची दत्ताची टेकडी ते अजून काठीवाचून चढतात. आम्ही दोघे रात्री काय पाहतो याचा सुगावा लागून त्यांनी एकदा शेजारी बसून दोन भाग पाहिले. मग ते म्हणाले, "अरे, चित्र उत्तम आहे. पण या जपान्यास यात धोका तो काय? पाद्री ना त्याच्या गावचा, ना धर्म त्याच्या आजीचा. दुसऱ्याच्या देवघरातला केर काढायला कोणालाही हुरूप येतो."

हे बोलणे सहज खोडता येण्याजोगे नाही. जपानचा इतिहास तर त्याच्या बाजूनेच साक्ष देतो. तेथे ख्रिस्ती लोक छळ करणारे नव्हते, छळ सोसणारे होते. १६१४ साली धर्मोपदेशकांना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम निघाला. १६३७-३८ मध्ये शिमाबाराचे बंड रक्तात बुडाले. येशूच्या अगर मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेववून प्रजेची परीक्षा घेण्याची पद्धत कित्येक पिढ्या चालली, आणि बंदी उठली ती १८७३ मध्ये, म्हणजे जोतीरावांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी. जपानी नोवाक होते, आणि त्यांच्या हाती पगारी दप्तरेही होती. उओतोने त्यांच्याऐवजी युरोपातला नोवाक घेतला. धर्माचे नाव त्याने आद्याक्षरापुरते ठेवले, याचे श्रेय आम्ही त्यास देतो. पण बंधूंचा मुद्दा त्याने निकाली निघत नाही.

तो मुद्दा आम्हांस विशेष झोंबतो, कारण आम्ही राहतो रेवदंड्यास. आमचा गाव पोर्तुगीजांच्या कोटातच वसला आहे; तटाच्या आत नारळी-पोफळींच्या वाड्या, आणि त्यांतून डोके काढणारी देवळांची, मठांची भग्न शिल्लक. सातखणी म्हणून जो मनोरा आहे त्याचे चारच खण आता उभे आहेत. कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लईचा किल्ला, आणि त्याच्या पायथ्याशी पोर्तुगीज मोडून-मुरवून झालेली आपली बोली आजही बोलणारे ख्रिस्ती शेजारी. १७४० साली हे ठाणे मराठ्यांकडे आले. रविवारी मुंबईकर येतात, सातखणीखाली उभे राहतात, आणि कोणी तरी जाणता गृहस्थ धर्मन्यायालयाची हकीकत तिखटमीठ लावून सांगतो. ऐकणाऱ्यांच्या मुद्रेवर जो संताप दिसतो त्यात एक प्रकारची तृप्ती मिसळलेली असते. खलपुरुष परका होता, आणि तो गेला!

हकीकत खोटी नाही. गोव्यातील धर्मन्यायालय १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता. येथील औषधींवर त्याने लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात आमच्या सुपारीवरही एक प्रकरण आहे. तो वारला १५६८ साली. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीस गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले; आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. मेलेल्या मनुष्याची हाडे उकरावयाची तर खटला चालवावा लागतो, कागद करावे लागतात, मजूर लावावे लागतात, मजुरांना मजुरी द्यावी लागते. त्या दिवशी संध्याकाळी ते मजूर आणि ते कारकून आपापल्या घरी गेले असतील आणि मुलांनी त्यांचे हात धरले असतील.

एकाच धर्माच्या माथी हे सारे मारण्याचे कारण नाही. पोर्तुगीज येथे येण्यापूर्वी, १४६९ च्या सुमारास, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. त्याचे स्मारक आमच्या गावच्या शाळेच्या आवारात आहे. जुन्नरास तेथील खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि इस्लाम स्वीकारशील तर घोडा परत देईन अशी अट घातली. एका सज्जन मुसलमानाच्या रदबदलीने तो सुटला. पुढे परदेशात ईस्टर केव्हा येतो याचाही हिशेब त्यास लागेना, आणि त्याच्या प्रवासवर्णनात त्याची घालमेल पानोपानी दिसते. खानाची घालमेल कोणी लिहून ठेवलेली नाही. कदाचित झालीच नसेल.

आणि घरचे? आगरकर जिवंत असता त्यांची प्रेतयात्रा पुण्यात काढली गेली. ती काढणारे दरोडेखोर नव्हते. संध्याकाळी घरी जाऊन परवचा म्हणून घेणारे गृहस्थ होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्याच पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना सकाळी फिरावयास गेले असता गोळ्या घातल्या. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले.

पुण्याकडे बोट दाखविणे हेही आम्हां कोकणवासीयांस सोयीचेच. आमच्या रायगड जिल्ह्याची जी अपकीर्ती वर्तमानपत्रांत होत आली ती वाळीत टाकण्याच्या चालीबद्दल. गावकी बसते. कोणी जातीबाहेर लग्न केले, कोणी वर्गणीचा हिशेब मागितला, कोणी पंचांच्या पसंतीबाहेर निवडणुकीस उभा राहिला, की त्या घराशी बोलणे बंद, दुकानात वाणसामान बंद, पालखीला हात लावणे बंद, मयताला खांदा बंद. अशी प्रकरणे इतकी झाली की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून अमलात आहे. निर्णय देवासमोर बसून होतो, दंडाचा पैसा बहुधा उत्सवास लागतो. पंच हे कोण राक्षस नव्हेत. अडल्यानडल्यास धावणारी, मुलांची फी उसनी देणारी माणसे आम्ही त्यांत पाहिली आहेत.

आमच्या नातीने यावर एक छोटे नाटक लिहिले. त्यातील पंच एका घराचे पाणी तोडतो, मग आपल्या घरी येऊन लहान मुलीस मांडीवर घेतो आणि तिला ससोबाची गोष्ट सांगतो. मुलगी मध्येच विचारते की, माझी मैत्रीण आज विहिरीवर का आली नाही? तो गोष्ट पुढे चालू ठेवतो. नोवाकाचा ठसा कोठे उमटला आहे हे आम्हांस लगेच दिसले, आणि नातीचा अभिमान वाटला. गणपतीच्या दिवसांत हे नाटक करावयाचे म्हणून ती उत्सवाच्या मंडळीकडे गेली. मंडळींनी नाटक आवडल्याचे सांगितले. सूचना एवढीच केली की पंचाच्या जागी पोर्तुगीज पाद्री घालावा. काळा झगा सहज मिळेल, मागे पडद्यावर सातखणी रंगविता येईल, आणि टाळ्या तर हमखास.

बंधूंचा प्रथम कल मंडळींकडेच होता. त्यांचे म्हणणे, वाळीत टाकणे ही रूढी झाली. तिला धर्म म्हणून धर्माची नाचक्की का करावी? आम्ही म्हटले की, ज्या घराचे पाणी तुटले त्यास हा भेद समजावून सांगावयास कोण जाणार? नातीने वाद घातला नाही. ती एवढेच म्हणाली, "आजोबा, दुसऱ्याच्या देवघरातला केर असं तुम्हीच म्हणाला होतात." बंधू त्यावर काही न बोलता वाडीत शिंपणे करावयास गेले.

नाटक अखेर आमच्याच अंगणात झाले, गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर चार दिवसांनी. अडचण आली ती निराळीच. पंचाचे सोंग घेण्यास कोणी मुलगा तयार होईना. जो तो म्हणे, लोकांना वाटेल मी आमच्या बाबांचीच नक्कल करतो. तालमीच्या तिसऱ्या दिवशी बंधूंनी नातीकडून वही मागून घेतली आणि पंचाची वाक्ये पाठ करावयास आरंभ केला. आम्ही आश्चर्याने पाहू लागलो, तेव्हा चष्म्यावरून आमच्याकडे पाहून ते म्हणाले, "पोरं ओरडतील. हा माणूस ओरडत नाही."

प्रेक्षक चाळीसच्या आत-बाहेर. बंधूंनी रोजचेच धोतर नेसले होते, आवाजही रोजचाच. पाणी तोडण्याचा निर्णय त्यांनी शाळेचे वेळापत्रक सांगावे तसा सांगितला. मांडीवर शेजारची पाच वर्षांची मुलगी होती. ससोबाच्या गोष्टीत ती खरोखरच रंगली आणि तिला दिलेले वाक्य विसरली, तेव्हा बंधूंनीच तिच्या कानात ते सांगितले. मागच्या रांगेतील दोघे गृहस्थ मध्येच उठून गेले. त्यांपैकी एकजण घाईत दुसऱ्याच्याच वहाणा घालून गेला, त्या परत आणून देण्यास दोन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी सोलण्यास येणारी बाई नेहमीपेक्षा उशिरा आली. रात्री ती अंगणात भिंतीशी उभी राहून पाहत होती. अडकित्ता हातात घेण्यापूर्वी ती बंधूंस म्हणाली, "गुरुजी, मग त्या घराचं पाणी सुरू झालं का हो?"

नाटक तेथवर लिहिलेलेच नव्हते.